रात्री उठावे लागते म्हणून...

वैशाखातील एका दुपारी अच्छाडजवळच्या पाड्यावरून सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांच्या सूनबाई दवाखान्यात घेऊन आल्या. दोन दिवसांपासून आजी असंबद्ध बोलत होत्या, उठताना त्यांचा तोल जात होता. वयामुळे भ्रम झाला असावा, असा घरच्यांचा समज होता. तपासले तेव्हा जीभ कोरडी, नाडी जलद आणि उभे करताच रक्तदाब खाली येत होता. सकाळपासून लघवी एकदाच झाली होती, तीही गडद पिवळी. शरीरातील पाणी घटले होते.

सलाईननंतर दुसऱ्या दिवशी आजी भानावर आल्या आणि त्यांनी हळूच खरे कारण सांगितले. शौचालय अंगणापलीकडे, रात्री उठावे लागले की सुनेची झोपमोड होते. म्हणून त्या दुपारनंतर पाण्याला शिवतच नसत.

हे कारण मी अनेक घरांतून ऐकले आहे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही घटते. त्यात आपल्याकडील दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही. अंग थंड होत नाही, पाणी मात्र जात राहते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा तापमान चाळिशीच्या आतच नोंदले गेले होते.

यावर उपाय पाणी तोडण्याचा नाही, त्याची वेळ बदलण्याचा आहे. निरोगी ज्येष्ठ स्त्रीने दिवसभरात किमान १.६ लिटर आणि पुरुषाने २ लिटर पेये घ्यावीत. उन्हाळ्यात थोडी अधिक. त्यांतील मोठा वाटा दुपारी चारपूर्वी संपवावा. चहा, ताक, भाताची पेज, नागलीची आंबीलही या हिशेबात धरावी. ताडगोळे अवश्य खावेत; ताडी मात्र नको, कारण तिच्यातील मद्यार्कामुळे लघवी वाढते. संध्याकाळनंतर घोटघोट पाणी चालू ठेवावे. पायांना सूज असल्यास दुपारी पाय उशीवर ठेवून पडावे, म्हणजे पायांत साचलेले पाणी दिवसाच लघवीवाटे निघू लागते. लघवीची गोळी सकाळी घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

हृदयाचा किंवा मूत्रपिंडांचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाणच पाळावे. आणि घरातील ज्येष्ठ व्यक्ती अचानक गोंधळल्यासारखी वागू लागली, फार गळून गेली किंवा तिची लघवी अगदी कमी झाली, तर वयाला दोष देत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आजींच्या संमतीने मी हे सारे सूनबाईंच्या कानावर घातले. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “आई, एवढंच होतं तर मला उठवायचं होतं ना!” आता आजींच्या खाटेजवळ रात्री झाकणाचे भांडे असते, अंगणात दिवा असतो आणि चारच्या आत तांब्या रिकामा झाला की नाही, हे नातू पाहतो.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनाही रात्रीची ही अडचण आज आपणहून विचारावी. संकोचामुळे ते स्वतः ती सांगणार नाहीत.