शब्द लिहून द्या, मग बोलू

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे काही साहित्याभ्यासक मित्रांसह आम्ही लेड झेपेलिन या इंग्लिश बँडचा १९७१ सालचा चौथा अल्बम ऐकत होतो. पहिले गाणे संपण्याआधीच एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, “गोंगाट फार आहे. शब्द लिहून द्या, मग बोलू.” शब्द दिले. ते वाचून त्यांनी विचारले, “यात आहे काय?” आमचे भांडण त्यांच्याशी नाही, या दोन वाक्यांत दडलेल्या समीक्षादृष्टीशी आहे.

आपण साहित्याची माणसे. गाणे समोर आले की त्याची संहिता करतो आणि संहिता पातळ निघाली की कलाकृती निकालात काढतो. खुद्द या बँडने आठ गाण्यांपैकी फक्त एकाच गाण्याचे शब्द आतल्या वेष्टनावर छापले होते. मुखपृष्ठावर तर अल्बमचे नाव नाही, बँडचेही नाही. वाचू नका, ऐका, असेच जणू त्यांचे सांगणे होते.

शेवटचे गाणे घ्या : ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मूळ गाणे मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांचे, १९२९ मधले. त्यामागे १९२७ चा मिसिसिपीचा महापूर आहे. झेपेलिनने त्यातील शब्दांना फारसे काही जोडले नाही. मात्र हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात जॉन बॉनमचे ड्रम मांडले आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. घराची पोकळीच वाद्य झाली. चढत्या पाण्याचे ओझे त्या ठोक्यात आहे. कागदावर ते सापडणार कसे? आणि गोंगाटच म्हणावा, तर तिसऱ्या गाण्यात मँडोलिन व दोन आवाज आहेत, ड्रम नाहीतच. चौथ्यात ड्रम येतात ते चार मिनिटांनंतर. मोठा आवाज येथे राखून वापरला आहे.

“पण हे आपले नव्हे,” असाही आक्षेप आला. याच अल्बममधील ‘फोर स्टिक्स’ हे पाच आणि सहा मात्रांत हेलकावणारे गाणे १९७२ साली पेज व प्लँट यांनी मुंबईत भारतीय वादकांसह पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ते अधिकृतपणे प्रकाशात आले २०१५ मध्ये. ते थोर आहे असा आमचा दावा नाही. ‘आपले’ आणि ‘परके’ यांतली भिंत कलावंतांनी आपल्याआधीच ओलांडली होती, एवढेच.

आणि ‘आपले’ तरी आपण कसे ऐकले? येथून जवळच नारायणगाव आहे, तमाशाच्या राहुट्यांचे गाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची लावणी पुस्तकात वाचून कोणाला कळली? ढोलकी, हलगी आणि जत्रेतली रात्र वजा करून आपण लावणीच्या शब्दांवर प्रबंध लिहिले, आणि उरलेल्याला ‘लोकरंजन’ म्हणून मोकळे झालो. रॉकवरचा आपला अन्याय नवा नाही. तो घरीच शिकलेला आहे.

सगळ्यांनी हा अल्बम डोक्यावर घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. त्यातील काही शब्द खरोखर भोंगळ आहेत. परंतु वर्गात कान बाहेर ठेवून येणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थी आपण काय ऐकतो हे सांगेनासे होतात, आणि तो संवाद तुटला की कविताही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अल्बम जेमतेम ४२ मिनिटांचा आहे. तेवढा वेळ फळा कोरा ठेवावा. नाकारायचे असेल तर नंतर, ऐकून नाकारावे.