शिकवणीचे तास कामात धरा : बोम्मसंद्रा परिसरातील अर्धवेळ इंग्रजी शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
कामगार विभाग आणि कौशल्य विकास विभाग, कर्नाटक सरकार
प्रत : परिसरातील क्लासचालक, ऑनलाइन शिकवणी कंपन्या, औद्योगिक वसाहतीतील मनुष्यबळ विभाग

बोम्मसंद्रा, हेब्बगोडी, चंदापुरा आणि जिगणी भागात राहून नोकरी शोधणाऱ्या आणि तोवर इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या मराठी भाषकांची ही संघटना आहे. सभासद बेळगाव, निपाणी, बिदरचे आहेत, तसे कोल्हापूर, सोलापूर, लातूरचेही. घटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिलेल्या हक्कानुसार हे पत्र मराठीत देत आहोत. कन्नड प्रत सोबत जोडली आहे.

आमच्या कामाला तीन ठिकाणी तीन मापे लागतात. पैसे देताना क्लासचालक सांगतो, ही काही नोकरी नव्हे, पुढच्या महिन्यात बघू. सरकारी बेरोजगार भत्त्याचे घोषणापत्र भरताना तेच काम नोकरी ठरेल अशी धास्ती असते. आणि मुलाखतीत शिकवणीची तीच वर्षे ‘गॅप’ म्हणून मोजली जातात. एकाच कामाला एकच माप लावावे, हा खालील सर्व मागण्यांचा आधार आहे.

मागणी १. मोबदल्याची तारीख. वेतन संहिता, २०१९ नुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यावा लागतो, आणि काम सुटल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पुरा करावा लागतो. आमच्याकडून ‘सल्लागार’ म्हणून सही घेऊन हा दंडक टाळला जातो. प्रत्यक्षात वेळापत्रक क्लासचे, पुस्तके क्लासची, हजेरीही क्लासचीच. असा सल्लागार आम्ही तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. तेव्हा तासांवर काम करणाऱ्यांनाही हीच मुदत लावावी, आणि कामगार विभागाने तसे परिपत्रक काढावे.

मागणी २. डेमो तास. तीन-तीन डेमो घ्यायचे, त्यातून मुलांचे प्रवेश भरायचे आणि शिक्षकाला नंतर कळवतो म्हणायचे, हा प्रकार सर्रास चालतो. ३० मिनिटांपर्यंतचा एक डेमो विनामूल्य देण्यास आम्ही तयार आहोत. त्यापुढील प्रत्येक डेमोला नेहमीच्या तासाचा दर मिळावा.

मागणी ३. युवा निधी. सीमाभागातील आमचे अनेक सभासद कर्नाटकाचे रहिवासी आहेत. राज्याच्या युवा निधी या बेरोजगार भत्ता योजनेत पात्र पदवीधराला दरमहा ३,००० रुपये आणि डिप्लोमाधारकाला १,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे मिळतात. नोकरी लागल्यावर भत्ता थांबावा, हे आम्हाला मान्य आहे. पण नववीच्या दोन मुलांना संध्याकाळी व्याकरण शिकवणे म्हणजे नोकरी लागणे नव्हे. ३,००० रुपयांत या भागात खोलीचे भाडेही निघत नाही, आणि वरकड कमवावे तर घोषणापत्र खोटे ठरण्याची भीती. यात प्रामाणिक माणूस आधी शिकवणी सोडतो किंवा भत्ता सोडतो. आठवड्याला १२ तासांपर्यंत आणि महिन्याला ६,००० रुपयांपर्यंतची शिकवणी ‘नोकरी’ धरली जाणार नाही, असा लेखी खुलासा कौशल्य विकास विभागाने करावा. यासाठी योजनेच्या तरतुदीत एक रुपयाचीही वाढ लागत नाही.

मागणी ४. ऑनलाइन शिकवणी. प्लॅटफॉर्मवरील गिग कामगारांसाठी कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला. कल्याण शुल्क १ ते ५ टक्के ठेवले, आणि काम बंद करण्यापूर्वी कारणासह १४ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. ‘तास’ विकणारे अ‍ॅपही आपला वाटा कापूनच पैसे देते आणि मानांकन घसरले की रातोरात खाते बंद करते. शिकवणीची अ‍ॅपे या कायद्याखाली येतात, असे विभागाने निःसंदिग्धपणे जाहीर करावे.

मागणी ५. अनुभवाचा दाखला. तीन महिने शिकवलेल्या प्रत्येकाला कालावधी, इयत्ता आणि एकूण तास नमूद केलेला दाखला मागितल्यापासून सात दिवसांत मिळावा. कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनी तो ग्राह्य धरावा. ३० मुलांची बॅच सांभाळणाऱ्याला ग्राहकाशी इंग्रजीत बोलता येईल का, अशी शंका घेण्याचे कारण नाही. तसेच ‘एमटीआय’ (उच्चारावर मातृभाषेचा प्रभाव) एवढा एकच शेरा मारून उमेदवार नाकारू नये, कारण लेखी द्यावे. उच्चारात बेळगाव डोकावते म्हणून कोणाचे व्याकरण कच्चे ठरत नाही.

मागणी ६. मुलाखतीची रजा. वॉक-इन मुलाखती कामाच्या दिवशीच असतात. ४८ तास आधी कळवल्यास महिन्यातून दोनदा तास बदलून मिळावा, दंड कापू नये. बुडालेला तास आम्ही त्याच आठवड्यात भरून देऊ.

मागणी ७. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही कारणाने ठेवून घेऊ नयेत. छायाप्रत पुरेशी आहे.

मागणी ८. घरोघरी जाणाऱ्या शिक्षिका. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार कामानिमित्त गेलेले घरही कामाचे ठिकाण ठरते, आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या जागेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही समिती कोठे बसते, हे आमच्या बहुतेक भगिनींना माहीत नाही. समितीचा पत्ता व दूरध्वनी प्रत्येक क्लासच्या दर्शनी भागात आणि बोम्मसंद्रा पुरसभेच्या कार्यालयात लावावा. या कामाला एक छापील कागद आणि चार टाचण्या लागतात.

मागणी ९. कर कापल्यास त्याचे प्रमाणपत्र मिळावे. वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या व्यावसायिक मोबदल्यावर कर कापण्याचे बंधन नाही. तरीही ‘टीडीएस’ म्हणून रक्कम कापली आणि भरलीच नाही, अशा तक्रारी संघटनेकडे आहेत. पावत्यांसह त्या स्वतंत्रपणे सादर करू.

मागणी १, २, ६ आणि ७ क्लासचालक स्वतःहून पुढील महिन्यापासून लागू करू शकतात. जे करतील त्यांची नावे संघटना सभासदांना कळवील, आणि आमचे शिक्षक आधी त्यांच्याकडे जातील. उरलेल्या मागण्यांवर आणि मागणी १ मधील परिपत्रकावर दोन्ही विभागांनी ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि संयुक्त बैठकीची तारीख कळवावी. बैठक बोम्मसंद्रा येथे सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत ठेवावी. संध्याकाळी आमच्या बॅचेस असतात.

मुदतीत उत्तर न आल्यास नव्या शैक्षणिक वर्षात एकही सभासद विनामोबदला डेमो घेणार नाही, आणि थकबाकीची प्रकरणे कामगार अधिकाऱ्यांकडे एकत्रितपणे दाखल केली जातील.

कार्यकारिणीच्या वतीने,
अध्यक्ष व सचिव