कावळा आणि फांदी

कावळा फांदीवर बसतो आणि त्याच क्षणी फांदी तुटून खाली पडते. पाहणारा म्हणतो, 'कावळ्याने फांदी मोडली!' वस्तुतः ती फांदी किडीने आतून पोखरलेली असते. एखाद्या वादळात तिला पूर्वीच तडा गेलेला असतो. कावळ्याचे वजन ते किती! परंतु आतली कीड डोळ्यांना दिसत नाही, आणि वर बसलेला कावळा मात्र दिसतो. म्हणून सारा दोष त्याच्या माथी येतो. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली,' ही म्हण आपण सर्वजण वापरतो. पण प्रसंग आला म्हणजे तीच म्हण विसरून आपण कावळ्यालाच दगड मारतो. मीही एकदा तो मारला. माझा कावळा म्हणजे माझा बारा वर्षांचा भाचा, आणि तुटलेली फांदी म्हणजे आमच्या घरातील इंटरनेट.

आमचे घर पनवेलजवळ विचुंब्यास, गाढी नदीपासून थोड्या अंतरावर आहे. एके काळच्या या भातखाचरांच्या गावात आता इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि घरोघरी संगणक आले आहेत. आमच्याकडेही एक आहे. टेबलावर संगणक, त्याच्याजवळ, वीज गेल्यास त्याला थोडा वेळ चालू ठेवणारा यूपीएस, आणि पलीकडच्या खोलीत कपाटावर राउटर, अशी ही मांडणी. काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशाच्या रूपाने जो मजकूर घरापर्यंत येतो, तो ज्याचा त्याला पोहोचवण्याचे काम हा राउटर करतो. टपालखात्यात पत्रे वेगळी करून वाटणारा कारकून असतो ना, तसाच हा समजा. हा कारकून क्षणभर जरी डुलकी घेऊ लागला, तरी सगळे टपाल अडते.

एका पावसाळ्याच्या आरंभी आमचे इंटरनेट रोज दिवेलागणीच्या सुमारास बंद पडू लागले. दोन-तीन मिनिटांनी ते आपोआप परत येई. ऐकायला ही अडचण लहान वाटते. पण नेमक्या त्याच वेळी मी कचेरीचे काम पाठवीत असे आणि ते निम्म्यावरच तुटे. प्रत्येकाने आपापल्या परीने निदान केले. मी इंटरनेट पुरवणाऱ्यांना दोष दिला. त्यांनी वायर तपासली आणि ती ठीक असल्याचे सांगितले. शेजारी म्हणाले, 'पावसाचे पाणी शिरले असेल.' दुकानदार म्हणाला, 'राउटर जुना झाला, नवा घ्या.' यांपैकी एकानेही, आणि मीसुद्धा, तो राउटर बंद पडताना डोळ्यांनी पाहिला नव्हता.

अशातच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ताईचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे राहत असे. गृहपाठ संपला म्हणजे संध्याकाळी अर्धा तास मोबाइलवर खेळण्याची त्याला मुभा होती. तो खेळायला बसला की थोड्याच वेळात इंटरनेट तुटे! मला वाटले, चोर सापडला.

"तुझ्या खेळानेच हे सारे बिघडवले आहे," मी त्याला म्हणालो.

"मामा, मी काहीच केलेले नाही," तो म्हणाला.

"मग तू बसलास की मगच ते कसे तुटते?"

त्याच्यापाशी उत्तर नव्हते. आपण बिनतोड प्रश्न विचारला असे मला वाटले. मी त्याचा खेळ बंद केला, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून 'मुलगा ऐकत नाही' असा निरोपही ताईला फोनवरून दिला. पुढचे दोन दिवस इंटरनेट एकदाही तुटले नाही. मग तर माझी खात्रीच झाली. तिसऱ्या दिवशी मात्र ते पुन्हा तुटले. मुलगा तेव्हा माझ्यासमोर इतिहासाचे पुस्तक वाचत बसला होता. तरीही मी म्हणालो, "तूच आधी काहीतरी केले असशील." एकदा मनात संशय बसला म्हणजे माणूस समोरच्या पुराव्याकडेही पाठ फिरवतो, तो असा!

मुलगा रडला नाही, रागावलाही नाही. त्याने एक वही घेतली आणि तिच्यावर चार रकाने आखले: तारीख, वेळ, राउटरचे दिवे, आणि त्या वेळी घरात काय चालले होते. मग स्टूल घेऊन तो त्या कपाटासमोर बसू लागला.

त्याच्या वहीतील पहिला शोध असा होता. इंटरनेट तुटते तेव्हा राउटरचे सगळे दिवे एकदम मालवतात आणि मग एकेक करून पुन्हा लागतात. ही नोंद साधी दिसते, पण तिच्यात मोठा अर्थ होता. बाहेरून येणारी वायर तुटली असती, तर केवळ इंटरनेटचा दिवा बदलला असता; बाकीचे दिवे चालूच राहिले असते. सगळे दिवे एकाच वेळी जातात, याचा अर्थ राउटरलाच क्षणभर वीज मिळत नाही. या एका नोंदीने पुरवठादार सुटला, पाऊस सुटला आणि मोबाइलवरचा खेळही जवळजवळ सुटला.

दुसरा शोध चौथ्या रकान्यात दडलेला होता. पाच दिवसांत सहा वेळा इंटरनेट तुटले होते, आणि सहाही वेळा त्या रकान्यात 'आजीने पंप लावला' असे लिहिलेले होते. आई रोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावी आणि लगेच, खालच्या टाकीतले पाणी वरच्या टाकीत चढवण्यासाठी, पंपाचे बटन दाबी. मुलाच्या खेळण्याची वेळही तीच! आणि ते शांततेत गेलेले दोन दिवस? त्या दोन दिवशी आई मावशीकडे पेणला गेली होती. पंप मीच सकाळी, सगळे झोपेत असताना, लावीत होतो. राउटरचे दिवे तेव्हाही गेले असतील. पण ते पाहायला कोण जागे होते?

मी म्हणालो, "म्हणजे दोष पंपाचा!" यावर मुलाने जे उत्तर दिले ते मी विसरणार नाही. तो म्हणाला, "मामा, पंपही कावळाच असला तर? आधी तपासून पाहू."

मग आम्ही दोघांनी परीक्षा घेतली. भर दुपारी, कोणी खेळत नसताना, पंप लावला, दिवे गेले. संध्याकाळी पंप बंद ठेवून मुलाला तासभर खेळायला बसवले. काहीही झाले नाही. दोन्ही प्रयोग तीन-तीन वेळा केले, आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच आले. खेळ निर्दोष ठरला. पंपाचा संबंध निश्चित ठरला. पण शेजारचा टीव्ही पंप लावल्यावर बंद पडत नसे. मग राउटरच का पडावा?

पनवेलमधील एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला आम्ही वही दाखवली. त्याने राउटरला हातही न लावता त्याचा अडॅप्टर, म्हणजे भिंतीतील विजेचा दाब कमी करून राउटरला देणारा तो काळा ठोकळा, बदलून पाहायला सांगितले. त्यावर १२ व्होल्ट आणि १ अँपिअर असे आकडे छापलेले होते. दुसरा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा त्याहून अधिक चालतील, आणि टोकाची पिन व तिच्यावरील अधिक-उणे या खुणाही जुळल्या पाहिजेत, हे त्याने समजावून सांगितले. नवा अडॅप्टर लावला, पंप सुरू केला. दिवे जागच्या जागी! नंतर त्याने जुना अडॅप्टर उघडून दाखवला. आत एक लहानसे नळकांडे माथ्यावर फुगलेले होते. त्याला कपॅसिटर म्हणतात.

त्याचे कार्य समजायला आमचीच पाण्याची टाकी पुरेशी आहे. नळाचे पाणी क्षणभर थांबले तरी टाकीत साठा असल्याने घरातील धार तुटत नाही. कपॅसिटर ही विजेची अशीच चिमुकली टाकी होय. पंपाची मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट वीजप्रवाह ओढते, आणि तेवढ्यापुरता घरातील विजेचा दाब उतरतो. तो क्षण अडॅप्टरमधील कपॅसिटर आपल्या साठ्यावर निभावून नेतो. परंतु वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतील द्रव सुकला, की टाकी नावापुरतीच उरते. मग दिवा किंचित मंद व्हावा एवढ्या धक्क्यानेही राउटर झोपी जातो. संगणकाला यूपीएसचा आधार असल्याने तो चालूच राही, म्हणून विजेचा संशय आम्हांला कधी आलाच नव्हता.

दोष शोधण्याची ही रीत नवी नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क-२' हा भला मोठा संगणक बिघडला. तेथील मंडळींनी शोध घेता घेता त्याच्या एका रिलेत, म्हणजे विजेच्या आपोआप उघडमीट करणाऱ्या कळीत, अडकलेला एक पतंग बाहेर काढला. त्यांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि खाली नोंद केली. ते पान आजही तेथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवले आहे. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभियंत्यांनी स्वतः बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्रात एखादी नळी बिघडली म्हणून सारे यंत्र फेकून देणे कोणाला परवडले असते? नेमकी कोणती नळी बिघडली, हे शोधण्यावाचून गत्यंतरच नव्हते.

आज वस्तू स्वस्त आणि सुलभ झाल्या, म्हणून ही निकड उरली नाही असे पुष्कळांना वाटते. ते म्हणतात, 'शोधत बसायला वेळ कोणाला आहे? जुने टाकावे, नवे आणावे.' मला हे म्हणणे पटत नाही. फोन करण्यात, दुकानात जाण्यात आणि रागावण्यात मी जो वेळ घालवला, त्याहून मुलाच्या वहीला कमीच वेळ लागला. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मी दुकानदाराचे ऐकून नवा राउटर आणला असता तर काय झाले असते? नव्या राउटरबरोबर नवा अडॅप्टर आला असता आणि इंटरनेट सुरळीत चालले असते! मग मी म्हणालो असतो, 'पाहा, राउटरच खराब होता, आणि तो या मुलाच्या खेळाने खराब झाला.' धडधाकट राउटर कचऱ्यात गेला असता आणि खोटा आरोप कायमचा खरा ठरला असता. काम भागले म्हणजे कारण सापडले, असे होत नाही.

आणि तो कचरा जातो कोठे? २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत-उपकरणांचा कचरा निर्माण झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात म्हटले आहे. त्यातला चौथा हिस्सादेखील रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आणला गेल्याची नोंद नाही. अशा कचऱ्यात शिसे, पारा यांसारखी विषारी द्रव्ये असतात. ती माती-पाण्यात उतरतात. त्या ढिगात बिघडलेल्या वस्तूंबरोबर आमच्या राउटरसारख्या निरपराध वस्तूही किती असतील, याचा विचार करावा.

मुलांनो, याचा अर्थ तुम्ही हाती पेचकस घेऊन विजेची उपकरणे उघडावीत, असा मुळीच नाही. ते काम जाणत्या माणसाचे आहे आणि विजेशी खेळ जिवावर बेततो. पण पाहायला, नोंद करायला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम तपासायला पेचकस लागत नाही. त्यासाठी एक वही आणि थोडा धीर पुरेसा आहे. वर्गातील एखादी वस्तू हरवली, मैत्रीण अचानक बोलेनाशी झाली किंवा गणिताचे उत्तर चुकले, तरी हीच वही उपयोगी पडेल.

त्या रात्री मी ताईला पुन्हा फोन केला. पहिला फोन मी एका मिनिटात केला होता; हा करायला मला बराच वेळ लागला. नंतर मी मुलाला विचारले, "तुला माझा फार राग आला होता ना?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "राग नाही आला, मामा. पण तुम्ही आईला सांगितलेत, त्याचे वाईट वाटले."

राउटरवर खोटा आळ घेतला तर राउटरला त्याचे काही वाटत नाही. माणसाला वाटते. म्हणून फांदी तुटली, तर आधी फांदी पाहावी. कावळ्याकडे नंतर पाहता येते.