मोजदाद भाषेची

मराठी बोलणारे किती, हे सांगताना आपली छाती फुगते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख भरले. वर तंजावर, बडोदे, इंदूर, मॉरिशस आणि इस्राएलमधले बेने इस्राएल यांचीही नावं घ्यायची. नकाशा मोठा झाला, टाळ्या पडल्या... पुढे काय?

आता डच भाषा घ्या. बोलणारे साधारण अडीच कोटी, म्हणजे आपल्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. नेदरलँड्स, बेल्जियमचा उत्तर भाग, दक्षिण अमेरिकेतला सुरिनाम आणि कॅरिबियनमधली काही बेटं, एवढाच पसारा. इंडोनेशियात डचांनी एवढी वर्षं राज्य केलं, पण तिथे ती रुजली नाही. कारण तिथे डच शाळा मूठभरांसाठीच होत्या. सुरिनाममध्ये मात्र सगळ्यांच्या शाळेत डच होती. तो देश १९७५ साली स्वतंत्र झाला, तरी शाळा आणि सरकार आजही डचमध्येच चालतं. राज्य दोन्हीकडचं गेलं, भाषा राहिली ती शाळेमुळे. बेल्जियममध्ये तर डच बोलणारे संख्येने जास्त असूनही विद्यापीठं फ्रेंच होती. लोक भांडले आणि १९३० साली गेंटचं विद्यापीठ डच करून घेतलं.

युक्रेनियन बोलणारेही आपल्या निम्म्याहून कमी. १८७६ साली रशियाच्या झारने त्या भाषेत पुस्तकं छापायलाच बंदी घातली. मग लेखकांनी ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ल्विवमध्ये छापून घेतलं! २०२२ च्या रशियन हल्ल्यानंतर तर पिढ्यानपिढ्या घरात रशियन बोलणारी कित्येक माणसं मुद्दाम युक्रेनियनकडे वळली.

आपल्यावर कुठल्या झारने बंदी घातली होती? उलट १९६४ चा राजभाषा कायदा आहे, शाळांत मराठी सक्तीची करणारा २०२० चा कायदा आहे, २०२४ साली अभिजात दर्जाही मिळाला. तरी उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत, आणि लक्ष्मी रोडवर दोन मराठी माणसं साडीचा भाव हिंदीत करतात. आपली बंदी आपणच घातलेली आहे, तीही हौसेने.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "इंग्रजीशिवाय पोट भरत नाही हो." मान्य! पण डच माणसाइतकं चांगलं इंग्रजी युरोपात फार थोड्यांना येतं, आणि त्याची प्राथमिक शाळा डचमध्येच होते. इंग्रजी तो विषय म्हणून शिकतो, उत्तम शिकतो. तिथल्या विद्यापीठांत इंग्रजी फार वाढलं, तर त्यावरही जाहीर वाद झडतात. आपण मात्र चांगलं इंग्रजी शिकवा असं न म्हणता मराठी शाळाच सोडून दिली. जन्मभर मराठी शाळेत शिकवलेल्या माणसाला हे सांगायचा हक्क आहे, असं समजतो.

बेळगावची माणसं सीमेपलीकडे मराठी शाळा टिकवायला झगडतात, आणि इथे पुण्यात आपल्या हातातल्या शाळांचे वर्ग ओस पडतात. बेळगावसाठी घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडं मराठी शाळेत आहेत? जनगणनेच्या रकान्यात 'मराठी' लिहायला काही लागत नाही. भाषेचा खरा आकडा पहिलीच्या प्रवेशअर्जात असतो. तो मोजा, आणि मग छाती फुगवा.