शनिवार फक्त आठवीपर्यंत

सातवीच्या निरोप समारंभातलं भाषण ऐकताना पहिली चार वाक्यं सोडून द्यावीत. व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, एवढं घरी कुणीतरी घोकून घेतलेलं असतं. ते सरलं की मूल जरा सैल होतं आणि मग ऐकण्यासारखं काही बाहेर पडतं. वनभोजनाला वांग्याची भाजी करपली आणि सगळ्यांनी चिवड्यावर भागवलं. आनंद बाजारात मेथीच्या जुड्या लावून बसलो, तर पहिलं गिऱ्हाईक खुद्द मुख्याध्यापक, आणि त्यांनीही घासाघीस केली. गॅदरिंगला शिवाजी महाराजांची मिशी ऐन संवादात सुटली. स्वयंशासन दिनी शिपाई झालेल्या मुलानं तास चुकीच्या वेळी दिला आणि शाळा पंधरा मिनिटं आधी सुटली. लसावि-मसावीची आठवण कुणीच सांगत नाही.

यात नवल काही नाही. ज्या कामात मुलाला स्वतः काहीतरी करावं लागलं, चुकावं लागलं, दुसऱ्याशी जमवून घ्यावं लागलं, ते लक्षात राहतं. नवल पुढच्या वर्षाचं वाटतं. हीच मुलं जूनमध्ये हायस्कुलात जातात आणि त्यांच्या आठवणींचा हा कारखाना दोनेक वर्षांत बंद पडतो. तो बंद पडतोय याची तक्रार कुणी करत नाही, कारण घरच्यांना त्यात प्रगती दिसते. मूल आता ‘अभ्यासाला लागलं’.

शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. महाराष्ट्राची जुनी घडी वेगळी: जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत, पुढे बाजारगावातलं संस्थेचं हायस्कूल. कायदा होऊन दीड दशक उलटलं तरी असंख्य गावांत जुनीच घडी चालू आहे. त्यामुळे कुणी पाचवीत ‘हायस्कूलला जातं’, कुणी आठवीत. गोव्यात तर सरकारी मराठी शाळेतून चौथी झालेलं पोर पाचवीत हायस्कुलात पाऊल ठेवतं तेव्हा बहुतेक वेळा माध्यमच इंग्रजी होतं. शाळा, वर्गमित्र आणि भाषा, तिन्ही एकाच जूनमध्ये बदलतात. आपल्याकडे शिक्षकांच्या बदल्यांवर जेवढी चर्चा होते, तेवढी मुलांच्या या बदलीवर होत नाही.

प्रवेश पाचवीत असो की आठवीत, खरी भिंत आठवी आणि नववी यांच्यामध्ये आहे. मोफत शिक्षणाचा कायदा वयाच्या सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंतचा, म्हणून दुपारचा आहार आठवीपर्यंत आणि मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीपर्यंत. राज्य सरकारनं २०२४ च्या मार्चमध्ये ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला. आठवड्यातला एक दिवस दप्तर बाजूला ठेवून योग, आरोग्य, रस्ता सुरक्षा, खेळ, अडचणीतून वाट काढण्याचे सराव अशा गोष्टींना द्यायचा. कल्पना चांगली आहे, अंमल शाळेगणिक बदलतो. पण तो आदेशही पहिली ते आठवीसाठीच. राष्ट्रीय शिक्षण धोरणातले दहा ‘दप्तराविना दिवस’ सहावी ते आठवीचे. म्हणजे चौदा वर्षं पूर्ण झाली की ताटातला भात जातो आणि शनिवारही जातो.

युडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीच्या २०२४-२५ च्या अहवालात देशपातळीवर मधल्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या टप्प्यावरची गळती ३.५ टक्के आहे आणि माध्यमिक टप्प्यावर ८.२ टक्के. उपक्रम थांबले म्हणून मुलं शाळा सोडतात, असं या आकड्यांवरून म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड, लांबचं हायस्कूल, मुलीचं लवकर ठरलेलं लग्न, शेतावर कमी पडणारे हात ही कारणं कितीतरी जड आहेत. मात्र ज्या टप्प्यावर मुलाला शाळेत धरून ठेवणं सगळ्यात अवघड, नेमक्या त्याच टप्प्यावर शाळेत रमण्याची कारणं कमी करायची, हा उफराटा कारभार आहे.

नववी-दहावीत उपक्रम नसतातच असं मात्र नाही. कागदावर ते भरपूर आहेत. ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा विषय आहे. ‘जलसुरक्षा’ आहे. आरोग्य व शारीरिक शिक्षण आहे. या विषयांना गुण नसतात, श्रेणी असते, आणि तीही सढळ हातानं दिली जाते. ज्यांच्या घरात दहावीतलं मूल आहे त्यांना फेब्रुवारीतली रात्र ठाऊक असेल. जेवणं झाल्यावर ताईची किंवा शेजारच्या दादाची मागच्या वर्षीची प्रकल्पवही मागवली जाते आणि विहिरीच्या पातळीची निरीक्षणं तारखा बदलून उतरवली जातात. विहीर कुणी पाहिलेली नसते. चित्रं स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यावरची, कापून चिकटवलेली. वहीला पिवळं कव्हर लागलं की पाणी वाचलं. मुलांना यातून एक गोष्ट पक्की कळते: शाळेत काही गोष्टी करायच्या असतात आणि काही केल्यासारख्या दाखवायच्या असतात.

उरलेला मार्ग गुणांचा. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, पूर्वीही मुलं द्यायचीच. आता इंटरमिजिएटमधल्या श्रेणीवर दहावीत वाढीव गुण मिळतात: ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३. खेळाडूंना आणि लोककला, शास्त्रीय कला शिकणाऱ्यांनाही अशी सवलत आहे. या निर्णयानं एक भलं केलं, ते नाकारून चालणार नाही. चित्रकलेच्या वर्गात मुलं पुन्हा दिसू लागली आणि ‘रंगांनी पोट भरणार आहे का’ असं विचारणारे आईबाप स्वतः पोस्टर कलर घेऊन देऊ लागले.

पण गुण आले की त्यांच्यामागून क्लास येतोच. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं, अनुभवलेलं डोळ्यांपुढे आणून काढायचं चित्र. गल्लीतल्या चित्रकला वर्गात त्यासाठी तयार आकृत्या घोटवून घेतल्या जातात: डोक्यावर घागर घेतलेली बाई, पाठमोरा फुगेवाला, सायकलवरचा माणूस, कोपऱ्यात एक झाड. विषय बाजाराचा येवो की बसथांब्याचा, मंडळी तीच, फक्त जागा बदलून उभी. स्मरण मुलाचं नसतं, सरांचं असतं. कबड्डीचंही तसंच. पूर्वी संघात यायला चढाई यावी लागे, आता आधी चौकशी होते ती प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं मिळेल याची. ज्या मुलीला सात गुणांची गरज नाही, कारण तिला तशीही नव्वदच्या वर टक्केवारी मिळणार आहे, तिनं ब्रश आठवीतच खाली ठेवलेला असतो.

आईबापांना या सगळ्याचा दोष देणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. दहावीच्या टक्क्यावर अकरावीचं कॉलेज ठरतं. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाल्यावर कट-ऑफची भाषा तालुक्याच्या गावातही पोचली. आठवीतच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. ती पार केलेल्या आणि निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मजुरी करणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही. अशा घरातल्या बापाला ‘नाटकाच्या तालमीनं व्यक्तिमत्त्व फुलतं’ हे पटवायला जाणाऱ्यानं आधी त्याचा हिशेब समजून घ्यावा. तालीम की अभ्यास असा प्रश्न घातला, तर तो अभ्यासच म्हणणार. त्याच्यापुढे असा प्रश्न यावाच का, हे शाळेनं बघायचं.

तो येतो, कारण हायस्कुलातला उपक्रम तासिकांच्या बाहेर ढकललेला असतो. शाळा पाचला सुटते, तालीम पाचनंतर. सराव सकाळी सातला. विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल रविवारी सरांच्या घरी. शाळेच्या गावात राहणाऱ्याला हे जमतं. पाच-सहा किलोमीटरवरच्या वाडीतून येणाऱ्या मुलीचं काय? पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी खास बस धावतात, आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीही मिळतात. या योजनांमुळे हजारो मुली हायस्कूलचं तोंड पाहू शकल्या, त्यांचं मोल मोठं आहे. पण पास असला म्हणून गाडी थांबत नाही. सव्वापाचची एसटी चुकली तर पुढची सातची, आणि सातला अंधार. म्हणून लेझीमच्या पथकात आणि नाटकातल्या मुख्य भूमिकेत शाळेच्या गावातलीच मुलं वर्षानुवर्षं दिसतात. वाडीवरची पोरं प्रेक्षकांत असतात, तीही अर्ध्या कार्यक्रमापर्यंत. शिक्षक याला ‘बाहेरगावच्या मुलांना आवड नसते’ असं म्हणून मोकळे होतात.

उपाय महाराष्ट्रातच आहे आणि तो जुना आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून आलेला हा शास्त्रज्ञ कोरडवाहू गावात राहिला आणि त्यानं हायस्कूलच्याच मुलांना हाताशी धरलं. तिथून उभा राहिलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आठवी ते दहावीसाठी आहे आणि दहावीच्या मंडळानं त्याला मान्यता दिली आहे. मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, अन्न आणि आरोग्य, असे चारही विभाग मुलामुलींना सारखेच. मुलगी वेल्डिंगचा मुखवटा चढवते, मुलगा चिक्कीचा पाक बघतो. शिकलेल्या कामातून गावाची छोटी-मोठी कामं करून द्यायची, त्याचा खर्च काढायचा, दर लावायचा, हेही शिक्षणातच मोडतं. गेट वाकडं बसलं तर गिऱ्हाईक बोलतं, तिथं सढळ हाताची श्रेणी चालत नाही.

यातली कळीची बाब वेळापत्रकाची आहे. तो दिवस शाळेचाच, शाळेच्याच वेळेत. एसटी चुकत नाही, बापाला परवानगी मागावी लागत नाही, आणि आवड आहे की नाही हे मुलानं करून बघितल्यावर ठरतं. त्याच्याही आधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व वसतिगृहांतून रुजवलं होतं आणि त्यांच्या रयत शिक्षण संस्थेनं १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल त्याच पायावर उभारलं. तिथं हातानं काम करणं ही हौस नव्हती, मुलांची गरज होती. आजच्या हायस्कुलांनी ती गरज जशीच्या तशी उचलावी असं कुणी म्हणणार नाही. पण दहावीपर्यंतच्या मुलांना कष्टाचं आणि जबाबदारीचं काम झेपतं, त्यानं अभ्यास बुडत नाही, हे याच मातीत आधी करून दाखवलेलं आहे.

‘शिक्षक कुठून आणायचे?’ हा मुख्याध्यापकांचा पहिला सवाल असतो आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी निदेशक नेमायची तरतूद आहे, तीही अर्धवेळ. नववी-दहावीचा त्यात विचारच नाही. अनेक हायस्कुलांत पी. टी.चे सर निवृत्त झाले की मैदानाचा तास विज्ञानाच्या बाईंकडे जातो आणि बाई त्या तासाला राहिलेला धडा संपवतात. पद भरण्याची मागणी रेटायलाच हवी. पण ते भरेपर्यंत पाबळचा मार्ग मोकळा आहे. तिथं गावातल्या कारागिराला, हात चालणाऱ्या तरुणाला शिकवण्याच्या कामात घेतलं गेलं. आपल्या गावांत सुतार आहेत, मोटार रिवाइंडिंगवाले आहेत, नर्सरी चालवणाऱ्या बचत गटाच्या बाया आहेत, भजनी मंडळातले पखवाजवादक आहेत. वर्षाचं थोडं मानधन आणि आठवड्यातला अर्धा दिवस, एवढ्यावर यांतले काही जण येतील.

अर्धा दिवस कुठून काढायचा हेही उघड आहे. स्व-विकास, जलसुरक्षा आणि शारीरिक शिक्षण यांच्या तासिका आजही वेळापत्रकात छापलेल्या आहेत. त्या तुकड्या-तुकड्यांनी वाया जातात. सलग बांधल्या तर नववीला निम्मा शनिवार सहज मिळतो, आणि मुलांनी खरोखरच्या विहिरीची पातळी मोजली तर जलसुरक्षेची वहीही आपसूक भरते. दहावीला तो निदान दिवाळीपर्यंत देता येईल, पुढे सराव परीक्षा सुरू होतात हे मान्य करून. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. जूनमध्ये वेळापत्रक आखताना मुख्याध्यापकांनी ठरवायचं आणि पहिल्या पालक सभेत ते भिंतीवर लावायचं. सभेला येणारे पालक एरवी जादा तास कधी सुरू होणार एवढंच विचारतात. या शनिवारबद्दलही त्यांनी विचारावं, आणि तो गणिताला देऊन टाकला असं उत्तर आलं तर पुढच्या सभेत पुन्हा विचारावं.