लॅप टाइम, अलिबाग स्टाइल!

वीकेण्ड आला, की अर्ध्या मुंबईला मांडव्याचे वेध लागतात. मार्च 2020मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि बाइक, सायकल, कार असं सगळंच तासाभरात पलीकडे पोचायला लागलं. हॅण्डलवर नाहीतर हेल्मेटवर अ‍ॅक्शन कॅमेरा तर मस्टच! सोमवारी कॅण्टीनमध्ये व्हिडिओ दाखवायचा असतो ना... कोपऱ्यात स्पीड, छोटासा नकाशा आणि पळणारं घड्याळ. एकदम एफ-वन!

पण मंडळी, ते घड्याळ खरं बोलतंय का?

ओरिजिनलच हवं

जीपीएस असलेला कॅमेरा नुसती चित्रं टिपत नाही. जागा आणि वेग यांची नोंदही तो त्याच व्हिडिओ फाइलमध्ये गुपचूप लिहीत जातो. गोप्रोमध्ये ही सोय 2016च्या हीरो 5 ब्लॅकपासून आली, 2023च्या हीरो 12मधून गायब झाली आणि 2024च्या हीरो 13मध्ये परत आली. सेकंडहॅण्ड घेताना हे आधी बघा!

ही दडलेली नोंद वाचूनच व्हिडिओवर आकडे चढतात. क्लिप कापून पुन्हा सेव्ह केली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवली, की चित्र तेवढं उरतं आणि नोंद बहुतेक वेळा गळून पडते. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेण्ट’ म्हणून पाठवा. तिथेही एका फाइलला 2 जीबीची मर्यादा आहे.

मग फोनमध्ये आणायचं कसं? हिशेब सोपा आहे. सेकंदाला 60 मेगाबिटने शूट केलं तर मिनिटाला 450 एमबी, तासाला 27 जीबी. वायफायने सेकंदाला 10 एमबी मिळाले तर 45 मिनिटं जाणार, म्हणजे रो-रोचा जवळजवळ सगळा प्रवास! तेच कार्ड काढून यूएसबी-सी कार्ड रीडरने 80 एमबीच्या वेगाने घेतलं, तर सहा मिनिटांत काम फत्ते. उरलेला वेळ डेकवर चहा प्या. मात्र फोनचं पोर्ट जुन्या यूएसबी 2चं असेल तर इतका वेग मिळणार नाही.

अजून एक गोची. लांब रेकॉर्डिंगचे गोप्रो तुकडे करतो. जीएक्स010042च्या पुढचा तुकडा जीएक्स010043 नाही, तर जीएक्स020042! पहिले दोन आकडे तुकड्याचे, शेवटचे चार व्हिडिओचे. क्रम चुकला, की घड्याळही चुकलं.

आणि हो, समुद्रावरून आल्यावर कॅमेरा आधी गोड्या पाण्याने धुऊन पुसा, मगच झाकण उघडा. मिठाचा एक कणही रबरी सीलचं वाटोळं करू शकतो.

तिसऱ्या आकड्याची ऐट

कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तरी बिघडत नाही. रेसक्रोनोसारखं अ‍ॅप फोनवर चालू ठेवायचं आणि घरी येऊन व्हिडिओ त्याला जोडायचा. दोन्हींचा मेळ बसावा म्हणून सुरुवातीची रेषा कॅमेऱ्यात स्पष्ट दिसू द्या.

पण फोनचा जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच जागा सांगतो. ताशी 72 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 20 मीटर जाते. मधल्या 20 मीटरचं काय? तिथे अ‍ॅप अंदाज बांधतं. त्यातून 30 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. तेव्हा स्क्रीनवरचा हजारांशाचा आकडा ही निव्वळ ऐट! सेकंदाला 10 किंवा 25 वेळा जागा टिपणारा वेगळा रिसीव्हर घेतला, तर चित्र बरंच सुधारतं.

लॅप मारायचा कुठे?

खरा सवाल इथे आहे. नागाव, चौल, रेवदंडा हा रस्ता वाड्यांमधून जातो. वळणापलीकडे एसटी असेल, नारळ घेऊन निघालेल्या आजी असतील, नाहीतर सायकलवरची शाळकरी पोरं. आणि कोपऱ्यात घड्याळ पळायला लागलं, की उजव्या हाताला खाज सुटतेच! मोटार वाहन कायद्याचं कलम 189 सांगतं, की सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या व्हिडिओत जागा, वेळ, वेग सगळं छापलेलं असतं. पुरावा तुम्हीच एडिट करून देताय, बॉस!

रायगडच्या किनाऱ्याला शर्यतीचं वेड नवं नाही. इथल्या वाळूवर बैलगाड्या पळत आल्यात. 2014मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर बंदी घातली, डिसेंबर 2021मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे 2023मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आज बैलगाडीलासुद्धा शर्यतीत उतरायला कलेक्टरची परवानगी लागते. आणि आपण दीडशे सीसीचं धूड घेऊन भरवस्तीतून टायमर लावायचा?

बाइकवर लॅप टाइमचा शौक असेल तर ट्रॅक गाठा. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. तिथे समोरून एसटी येत नाही. अलिबागच्या रस्त्यावर व्हिडिओ करायचा तर टायमर आणि स्पीड काढून टाका. नकाशा आणि उंचीचा आलेख ठेवा, प्रवास जास्त छान दिसतो.

घड्याळ हवंच? मग ओहोटीची वेळ बघा, बूट चढवा आणि कडक वाळूवर धावत फेऱ्या मारा. फ्रेममध्ये कुलाबा किल्ला आपोआप येतो. ताशी 12 किलोमीटरने धावलात तरी सेकंदाला सव्वातीन मीटरच, म्हणजे फोनचा जीपीएसही पुरे.

लॅप तुमचा, टाइम तुमचा... आणि धोका कुणालाच नाही!