ब्लॅकआउटचे मूळ कोठे?

गेल्या अंकातील पत्रात, अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या ‘एमएलबी.टीव्ही’ या सशुल्क ऑनलाइन सेवेवर काही बेसबॉल सामने दिसत नाहीत ही ग्राहकाची फसवणूकच होय, असे म्हटले आहे; त्यातील चीड रास्त असली, तरी दोष भलत्याच्या माथी मारला गेला आहे. ही सेवा मुळात परक्षेत्रातील, म्हणजे वर्गणीदाराच्या प्रदेशाबाहेरील, संघांच्या सामन्यांसाठी उभी राहिली. प्रत्येक संघाला स्वतःचे प्रक्षेपणक्षेत्र नेमून दिलेले असून तेथील हक्क प्रादेशिक क्रीडावाहिन्या मोठ्या रकमा मोजून घेत आल्या आहेत, आणि केबलच्या शुल्कातून मिळणारे त्यांचे उत्पन्न टिकावे म्हणून त्या क्षेत्रात या सेवेवरील त्या संघाचे थेट प्रक्षेपण रोखले जाते, ज्याला ‘ब्लॅकआउट’ म्हणतात. खरी विसंगती क्षेत्रांच्या आखणीत आहे: आयोवा राज्यात एकही मेजर लीग संघ नसताना, शिकागोचे दोन्ही संघ, सेंट लुइस, कॅन्सस सिटी, मिनेसोटा आणि मिलवॉकी अशा सहा संघांनी त्यावर दीर्घकाळ हक्क सांगितला (शेकडो मैलांवरचा संघ ‘स्थानिक’ ठरावा, हा भूगोलाचा विनोदच). या क्षेत्रबंधनांविरुद्ध ग्राहकांनी 2012 मध्ये गुदरलेला दावा 2016 मध्ये तडजोडीने मिटला, तेव्हा एकाच संघाचे सामने कमी दरात घेण्याची सोय झाली. क्षेत्ररेषा मात्र तशाच राहिल्या. त्यांना पहिला मोठा तडा 2023 मध्ये गेला: प्रादेशिक वाहिन्यांची मालक कंपनी दिवाळखोरीत निघाल्यावर लीगने सॅन दिएगो पाद्रेसचे प्रक्षेपण स्वतःकडे घेऊन ते स्थानिक प्रेक्षकांनाही ऑनलाइन विकले. राहता राहिला पत्रलेखकांनी सुचविलेला वर्गणी-बहिष्कार; त्याची झळ केबलवर जगणाऱ्या वाहिन्यांना मुळीच लागणार नाही.